रात्री दहाला बंद होणारं फाटक

काका, नमस्कार.

पुण्यात आमच्या गल्लीत नऊ सोसायट्या आहेत. त्यांचा मिळून एक नागरिक मंच आहे. दुसरं कुणी तयार होईना म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्याची चिटणीस झाले. गल्लीचं एक टोक मुख्य रस्त्याला लागतं, दुसरं नाल्यापाशी संपतं. तिथल्या छोट्या पुलावरून पलीकडच्या वस्तीत जाता येतं. गणपतीनंतर आमच्याकडे दोनदा साखळीचोरी झाली. दोन्ही वेळा मोटरसायकलवरून दोघं आले, आजींच्या गळ्यातलं ओढलं आणि मुख्य रस्त्याने पसार झाले. एका घटनेची तक्रार पोलिसांत आहे. दुसऱ्या घरच्यांनी "कोण चकरा मारणार" म्हणत दिलीच नाही.

मागच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये बैठक झाली, एकतीस जण होते. नाल्याच्या टोकाला लोखंडी फाटक बसवायचं आणि रात्री दहा ते सकाळी सहा त्याला कुलूप लावायचं असं ठरलं. शिवाय कॅमेरे, तरुण मुलांची रात्रीची गस्त, आणि कोपऱ्यावरची भाजीवाली व चहाची गाडी हटवण्यासाठी महापालिकेला पत्र. विकास आराखड्यात आमच्या गल्लीतून नाल्यापलीकडे रस्ता दाखवलाय म्हणे, त्याच्या विरोधात सह्यांची मोहीमही काढायची आहे. सगळ्या पत्रांवर सही माझी, येत्या रविवारपर्यंत.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्या वस्तीत राहतात. त्यांच्या कानावर हे गेलं. पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाल्या, "मग ताई, आम्ही रात्री कुठून जायचं?" मला काही उत्तर सुचलं नाही. सही करू की राजीनामा देऊ? आणि आमच्यासारख्या मंचाचं म्हणणं महापालिका, पोलीस खरंच ऐकतात का, की नुसते कागद फिरतात?

– एक चिटणीस, पुणे

ताई,

सही करू नका आणि राजीनामाही देऊ नका. तुम्ही गेलात तर तुमच्या खुर्चीत फाटकवालाच कुणीतरी बसेल.

आधी चोरीचं बघू. चोर मोटरसायकलवर आले आणि मुख्य रस्त्याने गेले असं तुम्हीच लिहिलंय. फाटक मात्र बसणार नाल्याच्या टोकाला. म्हणजे चोरांची येण्याजाण्याची वाट सताड उघडी, आणि जिथे ते फिरकलेही नाहीत त्या वाटेला कुलूप. एकतीस माणसांत हे कुणालाच खटकलं नाही याचं मला नवल वाटत नाही. माणूस घाबरला की ज्यांच्याकडे बघून एरवी नाक मुरडतो त्यांच्याकडेच त्याचं बोट जातं. पुढच्या बैठकीत भाषण करू नका. दोन्ही चोऱ्यांच्या जागा आणि चोरांची वाट एका कागदावर काढा आणि फाटक कुठे बसवायचं ते त्यांनाच त्या कागदावर दाखवायला सांगा.

दुसरं, ते फाटक बसवायचा तुम्हाला अधिकार आहे का? सोसायटीचा अधिकार तिच्या कुंपणाच्या भिंतीपाशी संपतो. गल्लीतलं डांबर कोण घालतं, झाडलोट कोण करतं, दिव्यांचं बिल कोण भरतं ते बघा. तिन्ही प्रश्नांचं उत्तर महापालिका असं असेल तर बहुधा रस्ता सार्वजनिक आहे. तरी ले-आऊटमधला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झालाय का, हे क्षेत्रीय कार्यालयात लेखी विचारून घ्या. सार्वजनिक रस्त्यावर स्वतःच्या खर्चाने फाटक घालणं म्हणजे बेकायदा अडथळा. मंचाने ठराव केला म्हणून तो कायदेशीर होत नाही. आणि रात्री दोनला वस्तीतून बाळंतपणासाठी निघालेल्या बाईने चावी कुणाची दारं वाजवून मागायची? अग्निशमनच्या बंबाने कुणाला हॉर्न द्यायचा?

मावशींचा प्रश्न मात्र नुसता दया येण्यासारखा नाही, त्यात तुमच्या सुरक्षेचंच गणित आहे. तुमच्या इमारतीतला रात्रीचा स्वयंपाक उरकून नऊ-साडेनऊला त्या वाटेने बायका परततात. नंतर रिक्षावाले, वॉचमन, दुसऱ्या पाळीचे कामगार. या येण्याजाण्यामुळे ते टोक जागं राहतं. फाटक लावलं की रात्री दहानंतर तिथे उरेल ते अंधारं, बंद, निर्मनुष्य टोक. माझ्या लहानपणी वाड्याच्या ओट्यावर आजोबा लोक रात्री उशिरापर्यंत पान जमवत बसायचे. ते राखण करायला बसत नसत, पण कुणाचं पोर कुठे चाललंय हे त्यांना ठाऊक असायचं. तुमच्या गल्लीतला तो ओटा म्हणजे ती भाजीवाली आणि चहाची गाडी. भाजीवालीच्या टोपलीपाशी लटकणारा चार्जिंगचा दिवा त्या कोपऱ्यावर रात्री उशिरापर्यंत जळत असणार. तो विझवा म्हणून तुम्ही महापालिकेला अर्ज करणार आहात.

शिवाय ते तितकं सोपंही नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि त्याला हलवायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. जागा कुठे द्यायच्या हे ठरवणाऱ्या शहर समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असतात, आणि रहिवाशांच्या संघटनांनाही तिथे जागा देता येते. गाडी पदपथाच्या मधोमध येत असेल तर ती दोन फूट सरकवायची मागणी करा. ती रास्तही आहे आणि मान्यही होईल.

आता करायचं काय. एका रात्री नऊ वाजता गल्लीत पायी फिरा, मुख्य रस्त्यापासून पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत. बरोबर मावशी हव्यात, एक आजी हव्यात आणि मंचाचा एखादा फाटकवालाही हवा, तो तर नक्कीच. दिव्याच्या प्रत्येक खांबावर रंगाने क्रमांक घातलेला असतो. वहीत क्रमांक लिहा आणि पुढे एक शब्द: लागतो, लागत नाही, लुकलुकतो, झाडात. हा चौथा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे निम्म्या वेळा दिवा लागलेलाच असतो, फक्त त्याचा उजेड गुलमोहराच्या फांद्यांत अडकलेला असतो. लोक विद्युत विभागाकडे तक्रार करतात, तिथला माणूस येऊन बघतो, दिवा चालू, तक्रार बंद. फांदी छाटण्याचं काम उद्यान विभागाचं, कारण झाडाला हात लावायचा तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. 'गल्लीत अंधार आहे' या अर्जाला काही किंमत नाही. 'खांब क्रमांक अमुक ते तमुक, पाच दिवे, त्यांतले तीन फांद्यांत, छाटणी हवी' असा अर्ज उद्यान विभागात द्या, एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून घ्यायला विसरू नका.

मावशींना बरोबर घ्या म्हणतोय ते उपकार म्हणून नव्हे. आजींना कुठे भीती वाटते ते आजी सांगतील. पण पुलावर कठडा कुठे तुटलाय, पाणी कुठे साचतं, टोळकं कुठल्या कट्ट्यावर बसतं आणि त्यातल्या कुणाला हटकायचं नसतं, हे रोज चालणाऱ्यालाच माहीत असतं.

पोलिसांचं थोडक्यात. ज्या घरच्यांनी तक्रार दिली नाही, त्यांना घेऊन तुम्ही स्वतः ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून पळण्याच्या चोरीला वेगळं कलमच आहे, ३०४. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घरी आणा. न नोंदवलेली चोरी पोलिसांच्या लेखी झालेलीच नसते, आणि गस्त कुठे वाढवायची हे नोंदलेल्या गुन्ह्यांवरून ठरतं. दोन एफआयआरच्या प्रती आणि खांबांची यादी घेऊन वरिष्ठ निरीक्षकांना भेटलात, तर बीट मार्शलच्या, म्हणजे गस्तीवरच्या पोलिसांच्या, फेऱ्यांबद्दल बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल. कॅमेरे लावायचे तर मुख्य रस्त्याच्या तोंडाशी लावा, चोर तिथून आले. चित्रण कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार हे आधीच लिहून ठेवा.

मुलांच्या गस्तीला मात्र माझा ठाम नकार आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, भिक्षा मागत फिरणारी. त्यांना मारणाऱ्यांनाही आपण गावाची राखण करतोय असंच वाटत होतं. तुमच्या ग्रुपवर कुणी अनोळखी माणसाचा फोटो 'संशयित' म्हणून टाकला तर तो लगेच काढायला लावा. खरंच संशय असेल तर ११२ ला फोन करायचा आणि तिथेच थांबायचं.

आता तो आराखड्यातला रस्ता. याची गाठ फाटकाशी बांधू नका, हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे.

मी एका महापालिकेच्या नगररचना विभागात अठ्ठावीस वर्षं आरेखक होतो. हरकतींच्या सुनावणीत नकाशाची गुंडाळी घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं, कुणी विचारलं की उलगडायची, हे माझं काम. एकदा एका रस्त्याविरुद्ध एकाच मजकुराची तीनशेच्या वर पत्रं आली होती, सुतळीने बांधलेला गठ्ठा. समितीने वरचं एक वाचलं, गठ्ठ्यावर हात ठेवला आणि "पुढचं" म्हटलं. पुढचा होता एसटीतला एक निवृत्त चालक. त्याने वहीच्या पानावर एक वळण काढलं होतं. मापं घरच्या वाळणाच्या दोरीने घेतलेली. या कोनात बस एका दमात वळणार नाही, मागे घ्यावी लागेल, आणि मागे शाळेचं दार आहे, एवढंच त्याचं म्हणणं. साहेबांनी मला नकाशा उलगडायला लावला आणि तिघं त्यावर वाकले. शेवटी त्या टोकाशी आखणी थोडी सरकली. सहा मिनिटं लागली असतील.

म्हणून सह्यांच्या मोहिमेआधी 'रस्ता दाखवलाय म्हणतात' यातलं 'म्हणतात' काढून टाका. तुमच्या भागाचा भाग-नकाशा आणि विकास योजना अभिप्राय, म्हणजे तुमच्या जागेवर आराखड्यात काय दाखवलंय याचा लेखी दाखला, घ्या. आराखडा प्रारूप, म्हणजे अजून कच्चा, असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली नागरिकांकडून हरकती-सूचना मागवतात. मुदत महिनाभराची असते आणि जाहिरात वर्तमानपत्रात कुणाच्या नजरेत भरणार नाही अशा कोपऱ्यात येते. त्यानंतर कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. पण आराखडा मंजूर झालेला असेल तर ती गाडी निघून गेली, मग कलम ३७ खाली फेरबदल मागायचा, आणि तो रस्ता लांबचा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झालाय. २०१३ मध्ये त्याच्या प्रारूपावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या होत्या. पुढे नियोजन समितीतच एकमत होईना, चार तज्ज्ञ एकीकडे आणि स्थायी समितीचे तीन सदस्य दुसरीकडे, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच आपल्या हातात घेतला.

ऐकतात का, असं तुम्ही विचारलंय. मुंबईचं बघा. फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथला प्रारूप आराखडा आला. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू चुकीच्या दाखवलेल्या. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा ताडून चुका बाहेर काढल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला सांगितलं, आणि सुधारलेला आराखडा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. तेव्हा ऐकतात. तुम्ही आपली गल्ली त्यांच्यापेक्षा बारकाईने बघितली असेल तर ऐकतात.

आणि तुमच्या या रस्त्याखाली वस्तीतली काही घरं जात असतील. तुम्हाला वाहतूक नको आहे, त्यांना बेघर व्हायचं नाही. किंवा उलटही असेल: त्यांना तो रस्ता हवाच असेल, रुग्णवाहिका दारापर्यंत येईल म्हणून. न विचारता 'समस्त परिसरातील नागरिक' असं लिहून सही कराल तर ती खोटी सही होईल. मला या लेटरहेडवाल्या मंचांचं हेच खटकत आलंय. दिल्लीत २००० मध्ये 'भागीदारी' योजना सुरू झाली तीही आखीव वसाहतींच्या रहिवासी संघांना धरून. सरकारशी बोलायची सोय झाली ती ज्यांना आधीच बोलता येत होतं त्यांची. झोपडवस्त्या बाहेरच राहिल्या आणि त्यावर टीकाही झाली. आपल्या कायद्यात याचं उत्तर कागदावर तरी आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिका कायद्यांत क्षेत्रसभेची तरतूद केली. त्या भागातल्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य, फ्लॅटवाला असो की पत्र्याच्या खोलीतला. तरतूद बहुतेक ठिकाणी धूळ खात पडली आहे. तुमच्या नगरसेवकाला तिची लेखी आठवण करून द्या.

सगळ्यांना एका खोलीत बसवून काय होतं त्याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण भिवंडीचं. १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत ते गाव होरपळलं होतं. पुढे १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं, आणि पुढाऱ्यांपेक्षा साध्या लोकांवर भर. बैठका दंगल पेटल्यावर नव्हे, शांततेच्या काळात. विषयही भांडणतंट्याचे, नळाचे, रोजचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एकट्या समित्यांनी ते केलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्याबरोबर गेल्या महिन्यात गटाराचं बोललो त्याच्यावर दगड उचलताना हात जरा अडखळतो.

पैशाचंही सांगतो. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली कामं घ्यायला सुरुवात केली. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात घेतात. सुरुवातीला एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती, सध्याची तिथे विचारून घ्या. पुलाचा कठडा, त्याच्या दोन्ही टोकांना दिवे, बसथांब्यापर्यंतचा पदपथ ही अगदी त्या चौकटीत बसणारी कामं आहेत. अर्ज तुमचा आणि वस्तीचा मिळून जाऊ दे. फाटकासाठी वर्गणी काढायला निघालेल्या मंचाला त्याच टोकाचे दिवे महापालिकेच्या खर्चाने मिळण्यासारखे आहेत हे खजिनदाराला सांगून बघा, मतं कशी फिरतात ते दिसेल.

रविवारची बैठक क्लबहाऊसमध्ये घेऊ नका. तिथे वॉचमन वस्तीतल्या माणसाला वहीत नाव लिहायला लावणार, कुणाकडे आलात विचारणार, आणि तो माणूस दारातूनच परत फिरणार. महापालिकेच्या शाळेचा वर्ग मिळतो का बघा, नाहीतर पुलाजवळच्या देवळाचं अंगण. रविवारी सकाळी अकराला तुमच्याकडचे निवांत असतात, पण तेव्हा मावशी चौथ्या घरच्या पोळ्या लाटत असतात. त्यांना कुठली वेळ जमते ते आधी त्यांनाच विचारा आणि मगच सूचना लावा.

रात्रीच्या फेरीला बॅटरी आणि पेन्सिल न्या. काही खांबांवरचे क्रमांक पत्रकांखाली गेलेले असतात, ते खरवडायला एखादी जुनी पट्टीही असू द्या.